दोन वाजून चार मिनिटं

३ मार्च, सोमवार

बारके,

फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस, मेल तर उघडतच नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद अडवायची सोय अजून कुणी काढलेली नाही. वर मायना लिहायला गेले होते, पण 'अनेक आशीर्वाद' वाचून तू पत्र तिथेच फाडशील असं वाटलं. तेव्हा थेट कामाचं लिहिते.

आपला रिमोट बंद करताहेत. एकतीस मार्चला. ऑफिसच्या तळघरातला तो कॉम्प्युटर, जो आपण दोघींनी अकरा वर्षं आपापल्या घरातून चालवला, सकाळी सात ते दोन मी आणि दुपारी दोन ते नऊ तू, तो आता उचलून नेणार. शहरभरच्या लिफ्टच्या तक्रारी यापुढे वेब ॲपवर घ्यायच्या. ब्राउझर उघडा, नाव टाका, काम करा. हे ऐकून तू खांदे उडवले असतील. मी नाही उडवले. मी तासभर भांडले.

भांडले ते कुलूपवाल्यांशी. तुझ्यानंतर जानेवारीत हे नवे गृहस्थ आले आहेत, कॉम्प्युटरच्या सुरक्षेचे प्रमुख, पण सगळे त्यांना कुलूपवालेच म्हणतात. बारीक अंगाचे, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे आपलाच चढतो. त्यांनी आम्हाला फळ्यावर चित्र काढून समजावलं. रिमोट म्हणजे काय, तर कॉम्प्युटर ऑफिसात आणि त्याचं नुसतं चित्र तुमच्या घरी. तुम्ही बटण दाबलं की ते तिकडे दाबलं जातं. कागदपत्रं घरात येत नाहीत, घरातली घाण तिकडे जात नाही. मी म्हटलं, मग एवढं चांगलं आहे तर काढता कशाला?

"ताई, दार भक्कम आहे," ते म्हणाले, "पण एका लॉगिनवर दोघी जणी आत येत होतात. एक टूथब्रश दोघींनी वापरल्यासारखं आहे हे. उद्या काही झालं तर आत कोण होतं, हे आम्ही कुणाला विचारायचं?"

सगळे हसले. मी म्हटलं, अकरा वर्षांत काही झालं नाही. तेव्हा हसणं थांबलं आणि व्यवस्थापकबाईंनी चहा मागवला.

तुझ्या पाळीला सध्या ऑफिसातच बसणारे स्टोअरकीपर बघतात, वेगळ्या लॉगिनवर. तुझ्यासारखं कुणी नाही, हे मी गोड बोलायचं म्हणून लिहीत नाहीये.

आईला विचारलं म्हणून सांग.

तुझी ताई


९ मार्च, रविवार

बारके,

उत्तर येणार नाही हे ठाऊक होतं, तरी तीनदा खाली जाऊन पेटी बघितली. शेजारीण विचारते, काही महत्त्वाचं यायचंय का? म्हटलं, बिल.

या आठवड्यात त्या ॲपने माझ्या नाकी नऊ आणले. आणि गंमत बघ, ते सगळ्यांना शिकवायची जबाबदारी माझ्यावरच. तक्रार डेस्कची प्रमुख झाल्यापासून ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते माझ्या गळ्यात येतं. पंधरा मिनिटं हात लावला नाही की ॲप आपल्याला बाहेर काढतं. मी भाजी चिरून येईपर्यंत बाहेर! पुन्हा पासवर्ड, पुन्हा फोनवर आलेला आकडा, पुन्हा 'तुम्ही तुम्हीच आहात का' असलं काहीतरी. आपल्या रिमोटवर खिडकी नुसती मिटली की आतलं सगळं जिथल्या तिथे राहायचं. मी दोनला मिटायचे, तू तुझ्या घरी उघडायचीस, आणि मी अर्धं टाइप केलेलं वाक्य तुझ्यासमोर असायचं. ऑफिसने सांगितलं होतं की पाळी संपली की लॉगऑफ करा. पण एकदा लॉगऑफ केलं की सगळं पुन्हा सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची, म्हणून आपण कधीच केलं नाही.

ॲपमध्ये आपली बटणंही चालत नाहीत. एफ आठ दाबलं की तक्रार मिटायची, डोळे मिटून दाबायचो आपण. इथे माउसने जा, तिथे टिचकी मार, मग एक चौकोन उघडतो. त्यात इमारतीचं नाव मोठ्या अक्षरात, आत कुणी अडकलं होतं का, सुटलं का, आणि खाली प्रश्न: 'खात्री आहे का?' प्रत्येक तक्रारीला! दिवसातून साठ वेळा ते मला विचारतं, खात्री आहे का, आणि साठ वेळा माझं डोकं फिरतं. परवा मी स्क्रीनवर ओरडलेच. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

आणि फळा नाही. ऑफिसच्या भिंतीवरचा नव्हे, आपला. स्क्रीनच्या कोपऱ्यातली ती साधी लिहायची खिडकी, जी आपण कधी सेव्ह केली नाही आणि कधी बंदही केली नाही. 'बँकेच्या लिफ्टचं दार घासतंय, चारला फोन कर.' 'केला. तो मेकॅनिक तुझ्या नावाने खडे फोडतोय.' 'आईच्या गोळ्या संपल्या.' 'आणल्या.' त्या ॲपमध्ये 'शेरा' म्हणून एक रकाना आहे, पण तो सगळं ऑफिस वाचतं. तिथे आईच्या गोळ्या कोण लिहिणार.

काल आईच्या फोनवर लावला. तिने उचलला. म्हणाली, "ती तुझं पत्र उघडत नाही."

"फेकलं का?"

"फेकलं नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय." मग म्हणाली, "माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचं, महिना झाला. आता भिंतीवरची कोळिष्टकंसुद्धा दिसतात."

मला कुणी कळवलं नाही. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि मला ते महिनाभराने कोळिष्टकांवरून कळतं. राग आला मला. तुझा नाही, म्हणजे तुझाही. काय लिहू.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

बारके,

शिंपीकाकांकडे गेले होते.

तू कपाळाला आठ्या घातल्या असशील, ही कशाला तिथे गेली. पडद्याची कड उसवली होती, ती घेऊन गेले. घराजवळ चार शिंपी सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर. लिफ्टने नाही गेले, जिन्याने गेले. वर पोचेपर्यंत माझा श्वास इतका फुलला होता की त्यांनी आधी पाणी दिलं.

हात बरा आहे. मनगट जुळलंय. पण कात्री धरताना अंगठा थरथरतो, म्हणून कापायचं काम आता त्यांची सून करते आणि ते शिवण घालतात. नोव्हेंबरमधल्या त्या मंगळवारची गोष्ट त्यांनी मी न विचारताच सांगितली. लिफ्टमध्ये एकटे, हातात कापलेल्या कापडांची बॅग. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आतल्या फोनवरून तक्रार केली, मग फोनही बंद पडला. एक तास वीस मिनिटं. साखरेचा त्रास, सकाळपासून पोटात काही नाही. चक्कर आली, पडले, मनगट अंगाखाली येऊन मोडलं.

"फोनवर त्या बाई फार चांगल्या बोलल्या हो," ते म्हणाले. "म्हणाल्या, घाबरू नका, माणूस निघालाय, दहा मिनिटांत पोचेल. मी म्हटलं, मग काय काळजी. बसून राहिलो निवांत."

मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो."

मी पडद्याची कड किती इंच दुमडायची ते सांगत बसले.

चौकशीत ते कधी आलेच नव्हते. लेखी दिलं होतं त्यांनी. त्यांना एवढंच कळवलं होतं की ज्या कर्मचारी बाईंची चूक होती त्यांना काढून टाकलं आहे. निघताना मला म्हणाले, "बिचारीची नोकरी गेली म्हणे. मी तर कुणाचं नाव घेतलं नव्हतं." पडदा मंगळवारी मिळेल. मी तो आणायला जाईन की नाही, माहीत नाही.

आज ॲपबद्दल काही लिहीत नाही. त्या चौकोनाबद्दल मात्र लिहिते. मी त्याला इतकी का चिडते, हे मला जिना उतरताना कळलं. तो नोव्हेंबरमध्ये असता तर हे झालंच नसतं.

ताई


२० मार्च, गुरुवार

बारके,

आई, तू जर हे वाचत असशील तर इथेच थांब आणि घडी घालून डब्यात ठेव. हे तुझ्यासाठी नाही.

बारके, आज ॲप शिकवायला ऑफिसात गेले होते, तिथे कुलूपवाले माझ्याशेजारी येऊन बसले. जुना कॉम्प्युटर जाणार म्हणून त्यांनी काय काय ठेवायचं आणि काय पुसायचं याची यादी केली होती. तक्रारींची नोंद ठेवणार. पुसायच्या यादीत खाली होतं: रिमोटच्या दाराची नोंद.

"ते काय असतं?" मी विचारलं.

"लॉगिन एकच असलं तरी दारावर कळतं ना, कुणाच्या घरून जोडणी आली. किती वाजता आली, किती वाजता तुटली. तुमच्या घराचा पत्ता वेगळा, दुसऱ्या घराचा वेगळा. कुणी कधी मागितली नाही ती नोंद. एकतीसला डिस्कच नष्ट करणार, तिच्याबरोबर जाईल."

मी म्हटलं, अच्छा. आणि चहा प्यायले.

अकरा दिवस गप्प बसले की झालं. मग जगात कुठे काही उरणार नाही, तुझ्या आणि माझ्या डोक्याखेरीज. आणि तुझ्या डोक्यातलं तेव्हाच कुणी मानलं नाही.

तुला जे माहीत आहे ते मी अजून एकदाही तोंडाने कबूल केलेलं नाही, म्हणून लिहून टाकते. दोन वाजून चार मिनिटांनी मी बसले होते. दोन वाजता व्यवस्थापकबाईंचा फोन यायचा होता, डेस्कच्या प्रमुखपदाबद्दल. आणि तू यायची होतीस दोन दहाला, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन. मी धुसफुसत होते. दरवेळी आईचं निमित्त, दरवेळी ताईने धरायचं. फोन वाजायला लागला. तेवढ्यात मेकॅनिकचा मेसेज आला, वाचनालयाचं काम झालं. ती एक तक्रार मिटवून मी फोन घेणार होते. खालचा बाण दोनदा दाबला, एफ आठ दाबलं.

रिमोटचं चित्र मागे राहतं, हे आपल्या दोघींशिवाय कुणाला इतकं ठाऊक होतं? मलाच तू शिकवलं होतंस, घाईत असशील तेव्हा बाण दाबून एक श्वास घे, चित्र आलं की मग दाब. मी श्वास घेतला नाही. मध्येच नवी तक्रार यादीत शिरली होती, ओळी एकेक खाली सरकल्या होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर अजून आधीचंच चित्र होतं. मिटली ती शिंपीकाकांची. दोन गल्ल्या अलीकडे पोचलेल्या मेकॅनिकच्या फोनवर 'तक्रार मिटली' असं गेलं आणि तो गाडी वळवून दुसरीकडे गेला. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी फोनवर 'हो बाई, नक्की बाई' करत होते.

तू दोन दहाला बसलीस तेव्हा यादीत ती तक्रारच नव्हती. तीन दहाला इमारतीतून कुणीतरी फोन केला आणि तू दोन मिनिटांत माणूस धाडलास.

नोंदीत लॉगिन आपलं दोघींचं, वेळ दोन चार, आणि पाळी तुझी. चौकशीत तू म्हणालीस, मी दोन दहाला बसले, ताईला विचारा. त्यांनी मला विचारलं. तू समोर बसली होतीस, निळा स्वेटर घालून, आणि माझ्याकडे अगदी निर्धास्त बघत होतीस. मी म्हटलं, "मी दोनला उठले."

एवढं लिहून हात थांबला आहे. बाकीचं पुढच्या वेळी.

ताई


२६ मार्च, बुधवार

बारके,

आईने फोन केला. सोमवारी सकाळी, मी पाळीवर असताना. तिला माहीत असतं मी तेव्हा उचलत नाही. मी उचलला.

"मी वाचलं," ती म्हणाली.

"तुला थांब म्हटलं होतं ना."

"पन्नास वर्षं मी तुम्हा दोघींची पत्रं वाचली, वह्या वाचल्या. आता नीट दिसायला लागलं आणि थांबू?" "मी त्या डॉक्टरकडे जायला नको होतं," एवढं म्हणून तिने ठेवला.

बारके, तिला वाटतंय तिच्या डोळ्यांमुळे झालं. तिला सांग, मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. डोळ्यांमुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं, आणि एफ आठमुळेही नाही झालं. चूक कुणाच्याही हातून होते. ती मी दोन दिवसांत कबूल केली असती तर मला समज मिळाली असती, प्रमुखपद गेलं असतं, आणि तू आजही दोन वाजता बसत असतीस.

आणि अजून एक आहे, जे तुलाही नक्की माहीत नाही, फक्त संशय असेल. चौकशीत तू म्हणालीस, आमच्या फळ्यावर लिहिलेलं आहे, उघडून बघा. त्यांनी उघडलं. सोमवारी संध्याकाळी तू लिहिलं होतंस: 'ताई, उद्या एकला आईचा डोळ्यांचा डॉक्टर. दहा मिनिटं उशीर होईल. धरशील ना?' आणि मंगळवारी सकाळी मी खाली लिहिलं होतं: 'धरते.' त्या दोन ओळी तिथे नव्हत्या. तू त्या रिकाम्या जागेकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे न बघता उठलीस.

मी पुसल्या होत्या. चौकशीच्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. पुसून झाल्यावर वरची ओळ आणि खालची ओळ नीट जुळवलीसुद्धा, मध्ये मोकळी जागा दिसू नये म्हणून.

मला वाटत होतं, मला या ॲपची चीड येते. पासवर्डची, पंधरा मिनिटांची, चौकोनाची. महिनाभर तुला तेच लिहीत बसले. चीड माझी मलाच येते ग, आणि ती काढायला जागा नव्हती.

काल कुलूपवाल्यांकडे गेले. म्हटलं, दाराची नोंद पुसायच्या आधी मला एका दिवसाची काढून द्या. तारीख सांगितली. त्यांनी तारीख लिहून घेतली आणि पेन खाली ठेवलं. ती तारीख ऑफिसात कुणाला माहीत नाही?

"ताई," ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय मागताय? हे एकदा मी काढलं की माझ्याकडून परत ठेवलं जाणार नाही."

"कळतंय."

"खात्री आहे का?"

त्यांनी ते सहज विचारलं, त्यांचा बोलायचा ढंगच तो. मला हसू आलं आणि मग रडू आलं, त्यांच्या त्या काचेच्या खोलीत, सगळ्यांसमोर. त्यांनी खिशातला रुमाल दिला. घडी केलेला, इस्त्रीचा. कागद निघाला तेव्हा मी बघितला: एक वाजून पन्नास, माझं घर, जोडणी चालू. दोन वाजून दहा, माझ्या घरची जोडणी तुटली, तुझ्या घरची आली. मध्ये काही नाही. तो घेऊन मी व्यवस्थापकबाईंच्या टेबलावर ठेवला आणि फळ्याचंही सांगितलं.

ताई


३१ मार्च, सोमवार

बारके,

आज दुपारी दोनला रिमोट बंद झाला.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. ज्या दिवशी तुला काढलं, त्या दिवशीही तू नऊपर्यंत पाळी पूर्ण केलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघडलं तर फळ्यावर तू लिहिलेलं होतं. मला वाटलं होतं, शिव्या असतील. त्यानंतर मी साडेचार महिने लॉगऑफ केलं नाही. दर महिन्याला कॉम्प्युटर बंद करून सुरू करायचा नियम आहे. आधीच्या माणसाला मी थापा मारल्या, कुलूपवाल्यांच्या हातापाया पडले, काहीतरी अर्धवट राहिलंय, आत्ता नको. सेव्ह केलं असतं तर तिथेच राहिलं असतं आणि आज डिस्कबरोबर गेलं असतं. तिथलं उचलून घरी आणता येत नाही, तो रस्ता सुरक्षेसाठी बंदच ठेवलेला. म्हणून आज पावणेदोनला वही घेऊन हाताने उतरवून घेतलं. जसंच्या तसं देते:

'बँक, मागची लिफ्ट: दार उद्या दहाला बदलणार, मेकॅनिकला आठवण कर.
दवाखाना: तिसऱ्या मजल्याचं बटण चिकटतं, सुटा भाग मागवला आहे.
वाचनालय: मिटलेली आहे, पुन्हा फोन आला तर घे.
शिंपी: सुनेचा फोन येईल, नीट बोल. हाताचं विचार.
चष्मा लावून बस, परवा दोन आकडे चुकले होते.'

बस. एवढंच. ज्या बहिणीने तुला बुडवलं तिला तू पाळी नीट सोपवून गेलीस. शिव्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. हे साडेचार महिने रोज सकाळी सातला माझ्यासमोर असायचं.

दोन वाजता चित्र जरा थांबलं, मग काळं झालं.

कुलूपवाले म्हणाले, तुला त्यांनी स्वतः फोन केला. तुझ्या नावावरचा ठपका काढून टाकणार, लेखी देणार आणि परत घेणार. तू म्हणे तीनच गोष्टी बोललीस. दुपारचीच पाळी पाहिजे. शुक्रवारपासून. आणि ताईशी बोलायला लावू नका. त्यांनी ते मला सांगताना टेबलावरचे कागद सारखे केले.

मला जायला सांगितलं आहे. शुक्रवार शेवटचा, कारण तोवर ॲप सकाळच्या पाळीला दुसऱ्या कुणाला येत नाही. शिकवणारी मीच ना! शिंपीकाकांकडे शनिवारी जाऊन आले. माझा आवाज कुठे ऐकलाय ते त्यांना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं, मग पडदा घडी करून दिला. या म्हणाले नाहीत. बरोबर आहे.

ताई


४ एप्रिल, शुक्रवार

बारके,

हे तुला चार दिवसांनी मिळेल, तोवर यातलं सगळं तुला आपोआप समजलेलं असेल. तरी लिहिते, कारण ऑफिसात शेऱ्यात हे लिहिता येत नाही.

पंधरा मिनिटांनी बाहेर काढतं, म्हणून तेराव्या मिनिटाला उगाच एक टिचकी मारत जा. ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबू नकोस, लिहिलेलं सगळं जातं. फोनवरचा आकडा कधीकधी उशिरा येतो, दुसरा मागवू नकोस, पहिलाच चालतो. आणि त्या चौकोनावर चिडू नकोस. इमारतीचं नाव वाच, मग हो म्हण.

सकाळभर मी शेवटच्या पाळीचं काम केलं. दीडला शेऱ्यात तुझ्यासाठी चार ओळी लिहिल्या, नुसत्या कामाच्या. बँकेचं दार, दवाखान्याचं बटण (ते अजून चिकटतंय), एका शाळेत वीज गेलेली, आणि एक लिफ्ट चालू होती पण आवाज करत होती. चष्मा लावून लिहिल्या, दोनदा तपासल्या.

ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात कोण कोण बसलंय त्यांची नावं येतात. रिमोटवर असं कधी झालंच नाही. तू आत आलीस की मी बाहेर फेकली जायचे, अकरा वर्षं आपण एकमेकींना तिथे कधी भेटलोच नाही. एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी माझ्या नावाखाली तुझं नाव आलं. तुझं संपूर्ण नाव, तुझं एकटीचं. मी माउसवरचा हात काढून घेतला. काही करायला नको वाटलं, चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून.

एक वाजून एकोणसाठला माझ्या शेऱ्याखाली एक शब्द आला. 'वाचलं.' पुढे तुझं नाव आणि वेळ. तो रिवाजच आहे, पाळी घेणाऱ्याने लिहायचाच असतो, मीच सगळ्यांना शिकवलाय. मी त्याचा जास्त अर्थ काढत नाहीये. पण मी तो वाचला.

मग बाहेर पडायच्या बटणावर गेले. तिथेही चौकोन आला, खात्री आहे का. हो म्हटलं. संगणक बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि कागद घेऊन ओट्याशी येऊन उभी राहिले.

भिंतीवरच्या घड्याळात आत्ता दोन वाजून चार मिनिटं झाली आहेत, बारके. मी स्वयंपाकघरात आहे. मी दोनला उठले.

ताई